दहा मोजणारा टीमलीडर

टेंभरगावच्या तंत्रनिकेतनात एक भोळा टीमलीडर होता. नाव निवृत्ती आहेर. तो टीमलीडर कसा झाला? खैरनार मॅडमनी वर्गात विचारलं, "टीमलीडर कोण होणार?" आणि नेमका त्याच वेळी निवृत्तीने लघवीला जाण्यासाठी हात वर केला होता. मॅडमनी नाव लिहून घेतलं. बाहेर जायची परवानगी मात्र द्यायची राहिली.

टीममध्ये आणखी दोघं होती, तौसीफ शेख आणि ऋतुजा गांगुर्डे. प्रोजेक्ट गावाच्या कामाचा होता. टेंभरगावात नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसे, पाणी सोडणाऱ्या घुलेमामांनासुद्धा नसे. मामांनी ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला, त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज जावा, अशी ही योजना. डोकं सगळं ऋतुजाचं. नाशिकच्या एका कंपनीने तिला निवडून ठेवलं होतं. अट एकच, जूनमध्ये डिप्लोमा पास झालेला पाहिजे. प्रोजेक्ट बुडाला तर नोकरी बुडाली, हे तिला झोपेतही आठवायचं. निवृत्तीला ते जागेपणीही आठवत नसे.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "निवृत्ती, टीमलीडरने सगळ्यांना बरोबर घेऊन चालायचं असतं. कळलं?"

"कळलं मॅडम."

दुसऱ्या दिवसापासून हा शहाणा दोघांना घेतल्याशिवाय पाऊल टाकेना. पाण्याच्या टाकीवर गेला, तिघं. झेरॉक्स काढायला गेला, तिघं. शनिवारी केस कापायला गेला तेव्हा तौसीफ सलूनच्या बाकावर आणि ऋतुजा बाहेर उन्हात. आठ दिवस चालून चालून तिघांच्या चपला झिजल्या, प्रोग्रामची एक ओळ लिहून झाली नाही.

"अरे मठ्ठा," मॅडम ओरडल्या, "बरोबर चालायचं म्हणजे पायांनी नव्हे! काम वाटून द्यायचं. सगळ्यांना थोडं थोडं."

"असं आधी सांगायचं ना मॅडम."

आता गल्ल्यांची आणि माणसांची यादी टाईप करायची होती. दोन हजारांवर नावं. निवृत्तीने रात्रभर विचार केला म्हणे. सकाळी त्याने काम वाटलं.

"तौसीफ, तू अक्षरं टाक. ऋतुजा, तू काने, मात्रा, वेलांट्या आणि उकार."

"आणि तू?" ऋतुजाने विचारलं.

"मी अनुस्वार. जोखमीचं काम टीमलीडरने स्वतःकडे ठेवावं."

मारुती गल्लीची यादी तौसीफच्या हातून 'मरत गलल' अशी बाहेर पडली. ऋतुजा मागून एकेक वेलांटी लावत बसली. निवृत्तीने 'मारुती गल्ली' नीट वाचून पाहिलं, त्यात एकही अनुस्वार नव्हता. "यात माझं काही नाही," म्हणाला आणि घरी जेवायला गेला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काम द्यायचं तर अख्खंच्या अख्खं एकाला द्यायचं! आणि एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही."

"बरं मॅडम. नाही घालू देणार."

शब्दाचा मोठा पक्का. लॅपटॉप आणि प्रोग्राम ऋतुजाकडे गेला, माणसांचे नंबर गोळा करणं तौसीफकडे. काम चांगलं धावायला लागलं. एके दिवशी ऋतुजा ऑफिसात सही आणायला गेली आणि तौसीफच्या कोपराचा धक्का लागून चहाचा कप लॅपटॉपवर कलंडला. तौसीफ झेपावला. निवृत्तीने त्याचं मनगट धरलं.

"हात घालायचा नाही. ते ऋतुजाचं काम आहे."

"अरे, चहा आत चाललाय!"

"चहा तुझा असेल. लॅपटॉप तिचा आहे."

दहा मिनिटांनी ऋतुजा आली तोवर पडदा काळा झाला होता. तिची पेनड्राइव्हवरची प्रत पंधरा दिवसांपूर्वीची. ती तिथेच खाली बसून हमसाहमशी रडली. मग मामेभावाचा लॅपटॉप आणून पंधरा दिवसांचं काम तिने पुन्हा केलं. निवृत्ती शेजारी बसून बघत असे. हात एकदाही घातला नाही, हे मात्र खरं.

मॅडम संतापल्या. "अशा वेळी कुणाचं काम ते बघत बसायचं नसतं! काही अडलं, बिघडलं, की जो जवळ असेल त्याने आधी मेन बंद करायचं. विचारत बसायचं नाही."

"नाही विचारणार, मॅडम."

पुढच्या आठवड्यात टाकीवर चाचणी होती. घुलेमामांनी व्हॉल्व्ह उघडला, मोबाईलवर बोट ठेवलं आणि मोबाईल गोठला.

"मामा, अडलं का?"

"अडलं ना बाबा. हालंच ना."

जवळ निवृत्तीच होता. त्याने मेन शोधलं. टाकीच्या बुडाशी एक लाल चाक होतं, सगळ्यांत मोठं. गावाचं सगळं पाणी त्यातूनच जाई. दोन्ही हातांनी गरागरा फिरवून त्याने ते बंद केलं आणि कुणालाही न विचारता घरी निघून गेला. गावात निम्मी माणसं अंगाला साबण लावून उभी राहिली. चार वाजता बायका रिकामे हंडे घेऊन तंत्रनिकेतनाच्या फाटकावर आल्या आणि मॅडमचा असा उद्धार केला की शिपायानेही कान झाकले.

"अरे गाढवा," मॅडमचा आवाज बसला होता, "बंद केलं की परत चालूही करायचं असतं! बंद करायचं, दहा मोजायचे, चालू करायचं. एवढं साधं डोक्यात शिरत नाही?"

"शिरलं मॅडम."

या वेळी खरंच शिरलं होतं.

परीक्षा झाली. मामांनी कुंभार आळीचा व्हॉल्व्ह उघडला आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातातला मोबाईल वाजला, त्यांचा नंबर ऋतुजाने त्या आळीच्या यादीत घालून ठेवला होता. "छान!" ते म्हणाले. "आमच्या सोसायटीलासुद्धा बसवून द्या." ऋतुजाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. चार महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली.

मार्क त्याच दिवशी पाचच्या आत बोर्डाच्या साईटवर भरायचे होते. ज्याचे भरले नाहीत तो गैरहजर, असा बोर्डाचा नियम. वर्गात मुलं एक्केचाळीस. साईट चालते का ते बघायला मॅडमनी यादीतलं पहिलं नाव, आहेर, एकटंच भरून पाहिलं. गेलं. मग उरलेली चाळीस भरली आणि पाचला दहा कमी असताना बटण दाबलं. पडद्यावर एक गोल गरगरायला लागला.

"साईटवर गर्दी आहे, जाईल सावकाश," मॅडम परीक्षकांना म्हणाल्या. "तोवर चहा घेऊ. निवृत्ती, इथे बस. कुणाला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नकोस."

निवृत्ती बसला. गोल फिरत होता. निवृत्ती बघत होता. फिरतोय फिरतोय, पुढे काही जात नाही.

"अडलं," निवृत्ती म्हणाला आणि उठला.

दारातून ऋतुजा किंचाळली, "निवृत्ती, हात लावू नकोस!"

"कॉम्प्युटरला कोण हात लावतंय?" असं म्हणून त्याने भिंतीवरचं अख्ख्या लॅबचं मेन खाली ओढलं. ऋतुजा धावत येईपर्यंत तो दोन्ही हात पसरून मेनपुढे उभा राहिला आणि त्याने शांतपणे, एकही अंक न गाळता, दहापर्यंत मोजलं. मग चालू केलं. चालू करायला तो या वेळी विसरला नाही.

लॅबचा म्हातारा कॉम्प्युटर सुरू व्हायला चौदा मिनिटं लागली. साईट पाचला बंद झाली होती.

बोर्डाच्या कागदावर चाळीस मुलं गैरहजर लागली. मॅडमनी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, पुढच्या सत्रात बघू. प्राचार्यांनी मात्र फाटकावर फलक लावला: 'माहिती तंत्रज्ञान विभाग. परीक्षेस बसले १, उत्तीर्ण १. निकाल १०० टक्के.' खाली टाय लावलेला निवृत्तीचा फोटो. कंपनीचं पत्र आलं, तुमच्याकडचा पास झालेला उमेदवार सोमवारी पाठवा. तंत्रनिकेतनाने जो होता तो पाठवला.

सोमवारी सकाळी नाशिकच्या एसटीत बसल्या बसल्या निवृत्तीने ऋतुजाला फोन लावला.

"ऋतुजा, तिथे जाऊन काय काम करायचं असतं गं?"