परातीतलं ऊन

आधी ते मोबाईलचे दिवे बंद करा. तुम्हीपण, टोपीवाले. त्या दिव्यात बुद्ध भगवानांचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो, उगाच फोटो खराब करून घ्याल. ही माझी बॅटरी मी बांबूला बांधलीय, ती वर छताशी नेतो. आता बघा. कसा वाटतो चेहरा? रडवेला ना? सगळे हेच म्हणतात. मागे एक बाई म्हणाल्या, याला कुणीतरी खूप बोललेलं दिसतंय. आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी जवाएवढा टवका उडालाय, तोही बघून ठेवा. तो काही ऊनपावसानं उडालेला नाही.

तो का उडाला, आणि सोनघळीच्या या लेण्यात दर्शन घ्यायचं तर आधी अंगणात बसून परात का धरावी लागते, ते सांगतो. बसा खाली. दगड गार आहे, बरं वाटेल. बाहेर उन्हात परात घेऊन बसलीय ना, ती आमची अनसा. बायको माझी. मला येसबा म्हणतात. आत्ता साडेनऊ झालेत. अकराला ऊन कड्याच्या मागे जातं, म्हणून मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

दीड हजार वर्षं झाली असतील, दोन हजारही असतील. मी काही तेव्हा नव्हतो. या डोंगरात भिक्खू राहत. त्यांनी लेणं कोरायला कान्हक नावाचा कारागीर बोलावला, असं सांगतात. घाटाखालचा होता. त्याची बायको लोणा बरोबर आली. लेणं कोरणं म्हणजे घर बांधणं नव्हे. घर खालून वर जातं, लेणं वरून खाली येतं. आणि घराचा दगड वाईट निघाला तर दुसरा आणता येतो. इथे दुसरा डोंगर कुठून आणणार? जेवढा काढला तेवढा गेला. म्हणून कान्हक एक घाव घालायचा आणि चार वेळा बघायचा.

पण बघायला उजेड पाहिजे. या आतल्या खोलीत भर दुपारीही आपला हात आपल्याला दिसत नाही. दिवे लावावेत तर बाहेरच्या मंडपात ओल्या गिलाव्यावर चितारी चित्रं काढत होते. तेलाच्या काजळीनं ती काळी पडली असती. तेव्हा लोणानं काय केलं, काशाची परात चिंच आणि राख लावून घासली, अंगणात मांडी घातली आणि परात मांडीवर तिरपी धरली. सकाळचं ऊन परातीवर पडलं आणि मंडपातून थेट आत आलं. समोरून, जरासं खालून. कान्हक बांबूच्या परांचीवर उभा राहून आतून सांगायचा, खाली, थोडं डावीकडे, थांब. ऊन सरकलं की ती परात सरकवायची. थांब म्हटलं की श्वाससुद्धा हळू घ्यायची म्हणे.

अशी सात वर्षं गेली. रोज सूर्य उगवल्यापासून ऊन कड्याआड जाईपर्यंत. कान्हकाच्या हाताला घट्टे पडले आणि परातीतल्या उन्हानं लोणाचे डोळे अधू झाले. लांबचं माणूस तिला आवाजावरून ओळखू यायचं. तिनं कुरकूर केली नाही, आणि त्यानं विचारलं नाही. वाईट माणूस नव्हता हो तो, पण काम डोक्यात शिरलं की घरचं माणूस त्याला दिसायचं नाही. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आहे असं कुणीतरी.

सातव्या वर्षी काम पुरं झालं. पावसाचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात, त्याला वर्षावास म्हणतात. तो संपतो आश्विनाच्या पौर्णिमेला. त्या दिवशी सकाळी मूर्ती सगळ्यांना दाखवायची ठरली. दरीतली माणसं आली, भिक्खू जमले, त्यांचे वडीलधारे थेर धम्मसेन आले. आणि नेमकं त्या दिवशी धुकं. असं धुकं, की अंगणातून मंडपाचे खांब दिसेनात. उन्हाचा पत्ता नाही. गिलावा आता वाळला होता, एक दिवस दिव्यांनी काय बिघडतंय, म्हणून छताच्या कड्यांना दिवे टांगले आणि सगळे आत गेले.

मघाशी तुम्ही पाहिलंत ना, तोच चेहरा त्यांनी पाहिला. कपाळाची सावली डोळ्यांवर आलेली, ओठांचे कोपरे खाली ओढलेले. मग मागून कुणीतरी म्हणालं, हे तर रडतायत.

कान्हकानं तर हसरा चेहरा कोरला होता. रोज त्याच्याशी हसून काम केलं होतं. चूक कुठे झाली ते त्याला उमगेना. सात वर्षांत त्यानं तो चेहरा वरून पडणाऱ्या उजेडात कधी पाहिलाच नव्हता, ही त्याची चूक. पण आपली चूक आपल्याला दिसती तर काय हवं होतं.

थेर धम्मसेन मऊ स्वभावाचे होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की माणसं आपलं दुःख घेऊन लांबून इथे येतील, त्यांच्यापुढे रडता चेहरा ठेवायला मन होत नाही. परवा सकाळी भिक्खू पुढच्या प्रवासाला निघणार होते. तोवर चेहरा सुधारला तर ठीक, नाहीतर ही खोली दगड रचून कायमची बंद करायची असं ठरलं.

सुधारायचा म्हणजे काय, आणखी दगड काढायचा. ओठ उचलायचे तर गाल खोल न्यायचा, गाल खोल गेला की नाक मोठं दिसणार. कान्हकाला सगळं कळत होतं. तो दिवस आणि दुसरा दिवस तो दिवा घेऊन परांचीवर बसून राहिला. लोणा भाकरी घेऊन आली, ती तशीच परत गेली. धुकं हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू झोळ्या घेऊन मंडपात उभे राहिले. दगड रचायला माणसं आली. आता काही करायलाच हवं होतं. कान्हकानं डोळे मिटून घेतले, उघडले, छिन्नी ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली आणि हलका घाव घातला. टवका खाली पडला. दुसऱ्या घावासाठी त्यानं हात उचलला.

आणि बाहेर धुकं विरलं. हळूहळू विरलं म्हणे, दुधात पाणी घालावं तसं पातळ होत गेलं, आणि मग अंगणात पिवळं ऊन आलं. लोणा तिथेच बसली होती. आज तिला कुणी बोलावलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. पण ऊन आलं की परात धरायची, हे सात वर्षांत तिच्या हातांत बसून गेलं होतं. तिनं परात मांडीवर घेतली.

ऊन आत आलं. कान्हकाचा हात वरच्या वर राहिला. समोरचा चेहरा हसत होता. दात दाखवणारं हसू नव्हे. दिवसभर दमून कुणी घरी आलं की दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं ना, तसं. कान्हक परांचीवरून कसा उतरला त्याचं त्याला कळलं नाही. थेरांच्या चीवराला, अंगावरच्या वस्त्राला, हात लावू नये, पण त्यानं चीवराचं टोक धरलं आणि त्यांना आत ओढत आणलं. मागून भिक्खू आले, दगड रचणारे आले. मघाशी मंडपात जे आपसांत कुजबुजत होते, ते आता डोळे पुसत होते.

धम्मसेनांनी बराच वेळ पाहिलं. मग ते वळले. हा उजेड येतो कुठून, म्हणून त्या उन्हाच्या वाटेनंच बाहेर चालत गेले. त्यांची सावली चेहऱ्यावर पडली आणि निघून गेली. अंगणात त्यांना ही बाई दिसली, परातीवर डोळे लावून बसलेली. त्यांनी विचारलं, बाई, चेहरा कसा झालाय असं तुला वाटतं?

"मी पाहिला नाही," लोणा म्हणाली. "मी आत गेले की ऊन जातं."

कान्हक मागेच उभा होता. सात वर्षं तो हा चेहरा बघत होता. जिच्यामुळे बघत होता, तिनं तो एकदाही पाहिला नाही, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की त्याला मान वर करवेना. तो तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यानं परात आपल्याकडे ओढली. ती आधी सोडेना. मग सोडली.

भिंतीला हात लावत लावत लोणा आत गेली. इकडे कान्हकानं परात धरली खरी, पण त्यानं ती जन्मात कधी धरली नव्हती. ऊन गेलं छतावर. तिथल्या पाकोळ्या उडाल्या. मग गेलं खांबावर. तेव्हा आतून लोणाचा आवाज आला.

"खाली. थोडं डावीकडे, खांद्यावर पडलंय."

त्यानं परात हलवली.

"थांब."

त्याचेच शब्द होते ते, सात वर्षांचे. तो थांबला. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. हात भरून आले, भिक्खूंच्या प्रवासाला उशीर झाला, पण तिला बाहेर ये असं कुणी म्हणालं नाही. ऊन कड्याआड गेलं तेव्हा ती आपणहून आली. पदरानं परात पुसली आणि आज कोंड्याची भाकरी तरी खाणार आहेस का, असं त्याला विचारलं.

काहीजण सांगतात, तिचे डोळे तोवर पुरते गेले होते, तिला काही दिसलं नाही, नवऱ्याचं मन राखायला ती थांब म्हणाली. मला याचा राग येतो. दिसलं नसेल तर ऊन खांद्यावर पडलंय हे तिला कसं कळलं, सांगा बरं.

ती खोली बंद झाली नाही. ओठाचा टवका मात्र कान्हकाला परत लावता आला नाही, तो तसाच राहिला. थेरांनी जाताना सांगितलं, इथे दिवा लावू नका, आणि ज्याला पाहायचं असेल त्यानं आधी दुसऱ्यासाठी परात धरावी. सोनघळीत आजही नवी सून आली की आश्विनात पौर्णिमेपासून तिसऱ्या दिवशी तिला इथे आणतात. ती आत जाते आणि परात नवरा धरतो, सासू-सासऱ्यांच्या देखत. मीही धरली होती. अनसानं मला तासभर उन्हात बसवलं होतं, घामानं परात हातातून निसटायला लागली.

तर उठा आता, टोपीवाले, पहिली पाळी तुमची. बाहेर जा, अनसा दाखवेल कशी धरायची ते. बाकीचे इथेच थांबा आणि वर बघत राहा. सगळ्यांचं पाहून झालं की तुम्ही निघा, आमची वाट बघू नका. शेवटचा पाहुणा पायऱ्या उतरला की रोज ती आत येते आणि मी परात घेऊन बसतो. चाळीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं माझा हात खरंच चुकायचा. आता डोळे मिटूनही मी ऊन नेमकं चेहऱ्यावर पाडू शकतो. पण आजही मी ते आधी खांद्यावरच पाडतो. मग आतून ती म्हणते, थोडं डावीकडे.