चाळीस मोहरांची विद्या

शिष्यवृत्ती चाळीस मोहरांची आणि राजविद्यापीठाचे शुल्क शंभर मोहरांचे! उरलेल्या साठ मोहरा पाथरवटाच्या मुलीने आणायच्या कोठून?

मणिपुष्कर नगरीत राजा अरिमर्दन दर चार वर्षांनी प्रजेतील एका विद्यार्थ्याला इतिहास शिकण्यासाठी हे द्रव्य देत असे. यंदा परीक्षेत पहिली आली ती भिवा पाथरवटाची सगुणा. तिने दरबारात येऊन नम्रपणे विनंती केली, की राजविद्यापीठ तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत दिवाकरशास्त्र्यांची पाठशाळा भरते, तेथे महिन्याला पायलीभर धान्य देऊन हीच विद्या मिळते. तेथे शिकण्याची अनुज्ञा असावी.

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. राजाच्या दानावर कोणी पायलीची विद्या शिकले, ही अपकीर्ती त्याला नको होती. शिवाय जे महाग तेच उत्तम, हा त्याचा जन्माचा हट्ट.

"उद्या सूर्यास्तापर्यंत सिद्ध कर, की ओवरीतली विद्या राजविद्यापीठापेक्षा सरस आहे," तो म्हणाला. "मात्र वादविवाद नको आणि कोणाची साक्षही नको. मला माझ्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. नाही दिसले, तर शिष्यवृत्ती प्रधानांच्या पुतण्याला."

चार वर्षांची विद्या एका दिवसात डोळ्यांना दाखवायची कशी? प्रधानांनी पुतण्यासाठी त्याच सायंकाळी नवे उपरणे आणवले. सगुणेला मात्र ठाऊक होते, की ही संधी गेली तर पुढची चार वर्षे जात्यांना टाकी लावण्यातच जाणार.

तिने दुसऱ्या दिवशी राजाला नगराच्या वेशीबाहेर, तळ्याकाठी येण्याची विनंती केली. तेथे एक जुना वीरगळ उभा होता. रणात पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ असा दगड उभारतात आणि त्याची कथा एकावर एक कोरलेल्या चित्रांच्या थरांत सांगतात. सगुणेने दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षातील अग्रणी विद्यार्थ्यांना बोलावून घेतले होते. काम एकच: या दगडाने काय घडले म्हणून सांगितले आहे, ते महाराजांना सांगायचे.

राजविद्यापीठाचा नीलकंठ जरीकाठी शालीत आला. दगडाकडे एकवार दृष्टी टाकून त्याने वरच्या थरापासून प्रारंभ केला. हा पुण्यपुरुष प्रथम शिवलिंगाची पूजा करीत आहे. पूजेने प्रसन्न होऊन देवाने दोन अप्सरा त्याच्या सेवेला धाडल्या. त्यांच्यासह तो दिग्विजयाला निघाला आणि हे पाहा, खाली तो तलवार परजून युद्ध करीत आहे. भाषा अशी गोड, की राजाची मान आपोआप डोलू लागली.

मग ओवरीतला नागोजी आला. हातात पाण्याचा तांब्या आणि काथ्याचा कुंचा. त्याने दगड धुतला. दगडाभोवती दोनदा फिरला. सावलीत बसलेल्या गुराख्यांना त्याने विचारले, की याला शेंदूर कोण लावते. पोळ्याच्या दिवशी आम्हीच लावतो, ते म्हणाले. का लावतो, ते मात्र आजोबांनाच ठाऊक. मग तो उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ जमिनीकडे पाहत राहिला.

"महाराज, मला अजून सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"पायलीची विद्या एवढीच असायची!" प्रधान हसून म्हणाले.

"खालचा थर मातीत गाडला गेला आहे," नागोजीने शांतपणे पुढे म्हटले. "कुदळ मिळाली तर बरे होईल."

कुदळ आली. हातभर माती निघाल्यावर दगडावर गाईंची रांग उमटली आणि त्यांच्या पायांशी आडवा पडलेला एक पुरुष. आता नागोजी खालून वर बोलू लागला. गावाच्या गाई शत्रूने वळवून नेल्या. हा त्या सोडवायला धावला आणि पडला. वरच्या थरात तो लढताना दिसतो. त्याच्या वर अप्सरा त्याला नेत आहेत. आणि सर्वांत वर कैलासात तो शिवापुढे हात जोडून बसला आहे. गुराख्यांपैकी एकाने नकळत डोक्याचे मुंडासे काढले.

नीलकंठाला राहवले नाही. त्याने आक्षेप घेतला, की ग्रंथ वरून खाली वाचतात, मग दगड खालून वर का वाचावा? राजाही घोटाळ्यात पडला. त्याने सगुणेकडे पाहिले.

"पंडितजींचे मानले," ती म्हणाली, "तर हा वीर आधी कैलासात पोचला, मग अप्सरांसह खाली उतरला आणि शेवटी गाईंसाठी मेला. स्वर्गातून परत येऊन लढणारे शिपाई मिळत असतील, तर महाराजांना सैन्यात नवी भरती करायला नको."

राजाच्या ओठांवर हसू फुटले. ओवरीतली विद्या सरस, हे त्याने मान्य केले, पण हट्ट अद्याप शिल्लक होता. त्याने बजावले, की राजाच्या मुखातून गेलेल्या चाळीस मोहरा परत कोशात येत नाहीत. पायलीभर धान्याच्या शाळेत एकटी मुलगी त्या खर्चणार कशा? ते सांगता आले नाही, तर निवाडा फिरेल.

"एकटी खर्चणारच नाही, महाराज. वेशीपासून गडापर्यंत असे अर्धे गाडलेले दगड मी चालत जाऊन मोजले आहेत. एकशे सात भरले. एकीने वाचायचे म्हटले, तर तिच्यासाठीही एक दगड उभारावा लागेल. या मोहरांत माझ्यासह अकरा जणांचे शुल्क निघते, चार वर्षांची भाकरी निघते आणि प्रत्येकाला एकेक कुदळही येते."

राजा इतका हसला, की तळ्याकाठचे बगळे उडाले. त्याने तेथेच आज्ञा केली: उरलेले दहा जण सगुणेने निवडावेत, पाठशाळेला राजाश्रय मिळावा आणि शिक्षण संपताच सगुणेने राज्याची इतिहासलेखक म्हणून दरबारात बसावे.

पालखीत पाऊल ठेवता ठेवता तो थांबला आणि त्याने नीलकंठाकडे बोट दाखवले.

"आणि हा बारावा. याचे पायलीभर धान्य दरमहा माझ्या कोठारातून जाईल!"