कुंकवाविना पाहुणी

माणसं दुर्बिणी घेऊन तळ्याकाठी बसायला लागली, तेव्हाची गोष्ट. त्या तळ्यात हळदीकुंकू बदकं राहत. त्यांच्या चोचीच्या टोकाला पिवळी हळद आणि मुळाशी लाल कुंकू.

एका हिवाळ्यात पूर्वेकडून एक पाहुणी उतरली. अंग तसंच, हळदही तशीच, फक्त कुंकू नव्हतं. काठावर माणसांचा वाद पेटला. कुणी म्हणे जात एकच, कुणी म्हणे वेगळी.

ते ऐकून थोरली बदकीण लव्हाळ्याबाहेर येऊन पाहुणीला आडवी आली. "त्यांचं ठरेपर्यंत तू आत यायचं नाहीस. उघड्यावर चर."

उघड्यावर घार घिरट्या घालत होती.

"माझ्या आजीच्या वेळी ते आपल्याला एक म्हणत, आईच्या वेळी दोन म्हणायला लागले," पाहुणी म्हणाली. "त्यानं आमचं एक पीसही बदललं नाही. आमच्याकडं कुंकू लावत नाहीत, हळदीवर भागतं."

"आणि त्यांनी तुला वेगळी ठरवलं तर?"

"तर ठरवू देत. मी इथंच राहणार."

थोरलीला वळसा घालून ती लव्हाळ्यात शिरली आणि आतून म्हणाली, "मावशी, घार खाली येतेय. आपण एक की दोन, ते तिला विचारत बसणार, की आत येताय?"