उरलेल्या सोनकीचे बी

राजे होते, राजधान्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. डोंगरावर रानची सोनकी फुलायची, पिवळीधमक. गावाच्या पूर्वजांनी तिच्यातली लांब दांड्यांची झाडे हेरली, त्यांचे बी आणले आणि शेतात पेरले. तोडलेले फूल पाण्यात कितीतरी दिवस टवटवीत राही. राजवाड्यातल्या उंच फुलदाण्यांत याच गावची सोनकी असे, आणि गावाच्या चुली तिच्याच जिवावर पेटत.

गावाची एक रीत होती. सर्वांत लांब दांडीचे फूल आधी तोडायचे आणि राजधानीला धाडायचे. हंगाम सरला की जे बुटके, वाकडे, कुणी न घेतलेले शेतात उरे, त्याचे बी धरायचे.

गावच्या पाटलांच्या घरात जोंधळ्याच्या मुलखातली सून आली. पहिल्याच हंगामात तिने कपाळाला हात लावला.

"मामंजी, आमच्याकडे सगळ्यांत भरलेलं कणीस बियाण्याला ठेवतात. तुम्ही तर चांगलं ते विकता आणि टाकाऊ ते पेरता."

"कणीस वाळवूनच खातात, सूनबाई," पाटील हसून म्हणाले. "एवढं देखणं फूल शेतात वाळू दिलं, तर लोक मला वेड्यात काढतील."

तिने दरवर्षी सांगितले. पाणवठ्यावर सांगितले, पारावर सांगितले. जोंधळेवाली आली बघा, म्हणत बायका घागरी उचलून चालू लागत. एकदा तिने सर्वांत उंच झाडाला काट्यांचे कुंपण घातले. सणाच्या सकाळी पाटलांनीच कुंपण सारून ते फूल तोडले. का, तर एक जुडी भरत नव्हती.

सोनकी वर्षागणिक बुटकी होत गेली. गावाने मातीला दोष दिला, पावसाला दिला, शेताची दृष्ट काढली, दुप्पट शेणखत ओतले. बियाण्याकडे मात्र कुणी पाहिले नाही. काय म्हणावे अशा शहाणपणाला?

अखेर एके वर्षी राजवाड्यातल्या फुलदाण्यांत ठेवलेली फुले आत घसरून बुडाली. व्यापाऱ्याने गाडी पाठवणे बंद केले.

पाटील सुनेसमोर येऊन बसले आणि आता काय करायचे, असे त्यांनी विचारले.

"विळे घरी ठेवा आणि डोंगर चढा," ती म्हणाली. "रानच्या सोनकीतून बी पहिल्यापासून निवडायचं. आणि मामंजी, या वेळी सगळ्यांत उंच झाडाला तुम्हीसुद्धा हात लावायचा नाही."

त्या हंगामात गावाने एकही फूल विकले नाही. अर्धी घरे मजुरीसाठी परगावी गेली. कैक वर्षांनी उंच सोनकी पुन्हा राजवाड्यात पोहोचली खरी, पण ते पाहायला पाटील उरले नव्हते.

तात्पर्य: उत्तम ते विकून उरलेले पेरणाऱ्याच्या शेतात शेवटी उरलेलेच उगवते.