ओगलेसाहेबांचा कान

“मास्तर, माझा कान गेलाय का? स्पष्ट सांगा.”

इनास तुस्कानो मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. वय एकोणऐंशी. वसईजवळच्या एका वाडीत, घराच्या ओट्यावर बसून गिटारी दुरुस्त करायच्या आणि कोणी शिकायला आलं तर शिकवायचं, एवढाच त्यांचा व्याप उरला होता.

विचारणारे दिगंबर ओगले. पाटबंधारे खात्यातले निवृत्त मुख्य अभियंता, वय सहासष्ट. साठाव्या वर्षी त्यांनी क्लासिकल गिटार हातात घेतली. दोन वर्षं मास्तरांकडे शिकले, मग पुढचं आपलं आपल्याला जमेल म्हणून यायचे थांबले. आज चार वर्षांनी उगवले होते. छत्तीस वर्षं धरणांवर काढलेला हा माणूस प्रश्न घेऊन आला की उत्तरही सोबत आणत असे.

“गेला असेल तर ही गिटार इथेच ठेवून जातो,” ते म्हणाले. “द्या कोणाला तरी. मी परत हात लावणार नाही.”

“होतं काय?”

“सूर लावतो. यंत्रबिंत्र नाही, कानानं लावतो, तुम्ही शिकवलंत तसं. दहा मिनिटांत सगळं बेसूर. पुन्हा लावतो, पुन्हा तेच. बायको म्हणते, तुम्हाला ऐकू येतं ना नीट?”

“आधीच्या गिटारीवर व्हायचं असं?”

“छे. ती स्वस्तातली. वाजवून झाली की तशीच खिळ्याला टांगायचो; पाच वर्षं कधी तक्रार नाही. ही मुलानं गेल्या वर्षी स्पेनहून आणली. हिच्यात खोट असणं शक्य नाही. म्हणजे कानच.”

इतकं चुकीचं अनुमान इतक्या शिस्तीत काढायला शिक्षण लागतं.

मास्तरांनी ओट्यावरची एक दुरुस्त झालेली गिटार मांडीवर घेतली. ओगल्यांना म्हणाले, “तिकडं केळीकडं तोंड करून बसा.”

ओगले पाठ करून बसले. मास्तरांनी एक खुंटी केसभर फिरवली आणि साही तारांवरून अंगठा नेला.

“पाचवी उतरली,” ओगले म्हणाले.

पुन्हा खुंटी. पुन्हा अंगठा.

“दुसरी चढवलीत.”

पुन्हा.

“काहीच केलं नाहीत.”

मास्तर हसले. “वळा इकडं. कान ठणठणीत आहे तुमचा.”

ओगल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. वर्षभर हा माणूस मनातल्या मनात झुरत होता, आणि ते कोणाला सांगायची त्याला लाज वाटत होती.

“मग दोष कुठे आहे?”

“वाजवून झाल्यावर काय करता तुमच्या गिटारीचं?”

आता ओगले खुलले. “आधी मलमलीच्या फडक्यानं पुसतो. मग साही तारा पूर्ण सैल करतो. रोज, न चुकता. काम नसताना भार ठेवायचा नाही, हा साधा नियम आहे. वरची फळी केवढी पातळ! आपणही रात्री कंबरेचा पट्टा काढतोच की.”

“रोज?”

“एक दिवस चुकलो नाही.”

मास्तरांनी हातातली गिटार ठेवली आणि ओगल्यांची पेटीतून काढली; साही तारा सैल लोंबत होत्या.

“ओगलेसाहेब, नायलॉनची तार ताणली की आठ-दहा दिवस सैलावत राहते. मग बसते. तुम्ही तिला एक रात्र बसू दिली नाहीत.”

ओगल्यांनी एक सैल तार बोटानं उचलून बघितली.

“म्हणजे मी... काळजी घेतली म्हणून?”

“हां.”

मास्तरांनी तारा चढवायला घेतल्या. पण त्यांची तऱ्हा काही वेगळीच. गिटार उभी धरली, तिच्या कडेच्या लाकडावर हनुवटी टेकली, डोळे मिटले आणि एकेक तार छेडू लागले. जबड्याचं हाड लाकडाला घट्ट लावलेलं. खुंटी फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची.

सहावी लागली. पाचवी लागली. ओगले ऐकत होते. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता.

“हे काय मास्तर? असं का लावता?”

“डावा कान गेला त्याला नऊ वर्षं झाली. उजवा अर्धा आहे. समोरच्याचे ओठ बघून भागवतो.”

ओगल्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. नऊ वर्षं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

“म्हणजे मला शिकवत होतात तेव्हाही...”

“तेव्हाही.”

“मला कसं कळलं नाही?”

“धरणावरची सवय. तुम्ही मुळातच ओरडून बोलता.”

“आणि मघाची परीक्षा? माझं बरोबर की चूक, ते तुम्हाला कसं कळलं?”

“खुंटी मीच फिरवत होतो ना.”

ओगले हसले. आपला कान केसभर कमी झाला या भीतीने ते गिटार सोडायला निघाले होते, आणि हा म्हातारा हाडाने ऐकून सूर लावत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते गिटार घेऊन वाजवायला बसले. एक छोटी चीज वाजवली, पाच-सात मिनिटांची. मधे दोनदा बोट घसरलं. मास्तर त्यांच्या बोटांकडे बघत मान डोलवत होते. शेवटी तारा थोड्या उतरल्याच. ओगल्यांनी थांबून लावून घेतल्या, तोंड वाकडं न करता.

गिटार पेटीत ठेवताना त्यांचा हात आपसूक खुंटीकडे गेला. मास्तरांनी तो वरच्यावर धरला.

“राहू दे ताणलेली.”

ओगल्यांनी हात मागे घेतला. पण अभियंत्याचा जीव, तो काही स्वस्थ बसेना.

“मास्तर, सतत ताण राहिला तर तारा बांधतात तो ब्रिज आज ना उद्या उखडणार. फळीवर नुसता चिकटवलेला असतो तो.”

“उखडेल की. चिकटवता येतो.”

“चिकटवाल तुम्ही. पण दहा-बारा वर्षांनी उखडला तर? तेव्हा तुम्ही...”

ओगल्यांनी जीभ चावली. पण ओठ हलून गेले होते, आणि मास्तरांनी ते बघितले होते.

मास्तरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग खोलीतल्या फळीकडे बोट दाखवलं.

“चिकटवायच्या सरसाचा डबा तिथं असतो. बघून ठेवा.”