नगारखान्यातली कुजबुज

रायगडावर अजून रोपवे झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. गडाचे वाटाडे गंगाराममामा झोरे अनवाणी पुढं चालायचे आणि पडक्या जोत्यांवर अख्खी राजधानी उभी करून दाखवायचे. त्या दिवशी आमच्या घोळक्यात डोलीत बसून आलेले एक बडे सरकारी साहेब होते, सोबत त्यांचा कारकून. "इथं तर नुसते दगड!" म्हणून त्यांचं नाक मुरडणं चाललेलं.

नगारखान्याच्या दारात ताक विकणाऱ्या बायकांनी त्यांना गाठलं. "साहेब, आमची मडकी गडावरून उठवू नका."

"मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही!" साहेब गरजले. बायका हरखल्या.

"आपण इथंच थांबा, एक गंमत दाखवतो," म्हणत मामा आम्हाला दूर सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी घेऊन गेले. तिथं पोचतो तोच साहेबांचा दबका आवाज स्पष्ट ऐकू आला. ते दारात कारकुनाला सांगत होते, "उद्याच ती मडकी खाली फेकून द्या."

मामा शांतपणे परतले, हात जोडून म्हणाले, "साहेब, हा दरबार असा बांधलाय, की दारातली कुजबुज सिंहासनापाशी ऐकू जाते. तुमचा हुकूम तिथं पोचला. फिरवायचा असला तर इथूनच फिरवा. हळू बोललात तरी चालेल."

साहेबांनी बायकांकडं पाहिलं, चौथऱ्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून पुटपुटले, "राहू द्या मडकी."

मामांना जाऊन वीस वर्षं झाली. अजूनही गडावर गेलो की ताक पितो, आणि नगारखान्यात उभा राहून हळूच सांगतो, "मामा, मडकी आहेत."