टेबलाखालचा राखणदार

डेअरीतली दुधाची पितळी मापं नुकतीच माळ्यावर गेली होती, तेव्हाची गोष्ट. टेबलावर दुधाचं फॅट मोजणारं यंत्र आलं होतं आणि टेबलाखाली त्याला वीज पुरवणारा यूपीएस. खंडेनवमीला डेअरीच्या सुलभाताईंनी यंत्राला झेंडू वाहिला. खाली वाकून कोणी पाहिलं नाही.

“इथे वीज कधी जातच नाही,” यंत्र यूपीएसला म्हणालं. “तू उगाच गुरगुरत बसतोस.”

सुलभाताईंनाही तसंच वाटत असावं. त्यांनी यंत्राची पिन यूपीएसमधून काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली आणि यूपीएसवर पूजेच्या दिव्यांची माळ लावली. सणातही दूध येत राहिलं आणि यंत्र बिनचूक चाललं, कारण शेजारच्या वर्कशॉपमधलं वेल्डिंग मशीनही पूजेला बसून बंद होतं.

दसरा सरला. शेजारी ठिणग्या उडू लागल्या आणि इकडे यंत्राचे आकडे नाचू लागले. रोज दूध घालणाऱ्या धोंडिबांच्या म्हशीचं दाट दूध पाण्यासारखं निघालं.

“मी पाणी घालतो म्हणता?” धोंडिबांनी किटली खाली आपटली. “आमच्या घरात हे पाप कुणी केलं नाही, ताई!”

पिन हलवण्याआधी असं कधी झालं नव्हतं, हे सुलभाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी ती पुन्हा यूपीएसमध्ये खोचली, तेच दूध पुन्हा तपासलं आणि धोंडिबांची माफी मागितली.

यंत्र ओशाळलं. “पण वीज तर गेलीच नव्हती!”

“गेली नव्हती, पण एकटीही आली नव्हती,” यूपीएस म्हणाला. “ती रोजच शेजारचा गोंधळ सोबत घेऊन येते. तुला कधी कळलं नाही, कारण दारात मी बसलेला असतो.”